बंद भूमिगत खाण पर्यटकांसाठी खुली करण्यापूर्वी पाण्याचा हिशेब

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा समजतो. दादरमधील आपल्या सहल संस्थेला नागपूर जिल्ह्यातील एक भूमिगत मँगनीज खाण दीर्घ मुदतीच्या कराराने मिळू शकते. ती बंद होऊन बारा वर्षे झाली आहेत. आपल्या डोळ्यांसमोर पोलंडमधील मिठाच्या खाणीचे चित्र आहे. असे काही उभे करायला काय लागेल, किती खोलवर जाता येईल आणि ते न जमल्यास मुंबईतच त्या धर्तीवर काही करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी एकतीस वर्षे भूमिगत खाणींत काढली, त्यांतील बरीचशी विदर्भातील कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणींत. निवृत्तीनंतर मुलुंडला स्थायिक झाल्यापासून अशा दोन प्रस्तावांची तांत्रिक तपासणीही केली आहे. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगून टाकतो : लोकांना काय दाखवायचे हा या धंद्यातला दुसरा प्रश्न आहे. उद्घाटनाचे हार सुकून गेल्यावर, आठव्या-दहाव्या वर्षी, पंपाचे आणि पंख्याचे वीजबिल कोण भरणार, हा पहिला.

खाण म्हणजे गुहा नव्हे. कान्हेरीची किंवा घारापुरीची लेणी डोंगराच्या अंगात, भूजलाच्या वर कोरलेली आहेत. त्यांचे तोंड उघडे आहे, पाणी उताराने आपोआप बाहेर जाते आणि हवा आपोआप खेळते, म्हणून ती शतकानुशतके कोणाच्या देखभालीवाचूनही टिकली. भूमिगत खाण मात्र भूजलाच्या पातळीखाली, पाण्याच्या आणि खडकाच्या इच्छेविरुद्ध, रोजच्या कष्टाने उघडी ठेवलेली पोकळी असते. ज्या दिवशी पंप थांबतो त्या दिवसापासून ती भरू लागते. ज्या दिवशी पंखा थांबतो त्या दिवसापासून तिच्यातली हवा शिळी होऊ लागते. आणि ज्या दिवशी छत ठोकून पाहणारा माणूस जायचा थांबतो त्या दिवसापासून छतातले सैल दगड कोणाच्याच हिशेबात राहत नाहीत. बारा वर्षे बंद असलेल्या आपल्या खाणीत या तिन्ही गोष्टी घडून गेल्या आहेत, हे गृहीत धरूनच पुढे जावे लागेल.

कोलार सोन्याच्या खाणींचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. सुमारे ३.२ किलोमीटर खोलीपर्यंत गेलेल्या त्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. (मुंबईकरांना त्यांच्याबद्दल एरवीही आपुलकी वाटायला हरकत नाही, कारण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथेच, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, परदेशी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो टिपले होते.) ती जागा दाखवायला मिळाली असती, तर जगभरातून माणसे आली असती. पण पंप थांबले, खालचे मजले पाण्याखाली गेले, आणि आज तिथे पर्यटनाची चर्चा होते ती प्रामुख्याने जमिनीवरच्या वसाहतींची, इमारतींची आणि सायनाईडच्या मातीच्या टेकड्यांची. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातील गीव्हर या कथिलाच्या खाणीचेही असेच झाले. ती १९९० मध्ये बंद पडली, १९९१ मध्ये तिचे पंप थांबवण्यात आले आणि खोल भाग बुडाला. आज तिथे पर्यटक भूमिगत जातात ते पाण्याच्या पातळीच्या वर राहिलेल्या, अठराव्या शतकातल्या अरुंद जुन्या कामांतून. तो अनुभव छोटा आहे, वाकून चालावे लागते, पण तो चालतो, कारण तिथले पाणी काढायला कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. उलट वेल्समधील बिग पिट ही कोळशाची खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये पर्यटकांसाठी खुली झाली. खाणीची माणसे आणि यंत्रे हाताशी असतानाच निर्णय झाला, म्हणून आजही लोक तिथे खऱ्या केजमधून, म्हणजे माणसे वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्यातून, ९० मीटर खाली उतरतात. खाण दाखवायचीच असेल, तर तसे ठरवण्याची योग्य वेळ ती बंद होण्यापूर्वीची असते. आपण बारा वर्षांनी येत आहात. म्हणून आपला प्रस्ताव अशक्य नाही, पण आपल्या वाट्याला गीव्हरची वाट येण्याची शक्यता बिग पिटच्या वाटेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता आकडा मांडू. आपल्या खाणीत पाण्याचा झिरपा किती आहे हे मला ठाऊक नाही, म्हणून केवळ मापदंड म्हणून दिवसाला १,००० घनमीटर पाणी धरतो, आणि ते ६० मीटर वर उचलायचे आहे असे मानतो. निव्वळ भौतिकशास्त्राने त्याला सुमारे १६३ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि पाइपमधली घट धरून एकूण कार्यक्षमता साठ टक्के मानली, तर दिवसाला सुमारे २७२ युनिट, म्हणजे वर्षाला जवळपास १ लाख युनिट. हा खर्च सोमवारच्या सुट्टीला थांबत नाही, तिकिटे खपली नाहीत म्हणून थांबत नाही, आणि पावसाळ्यात, म्हणजे पर्यटक सर्वांत कमी असताना, तो चढू लागतो. शिवाय भूमिगत झिरपा पावसाबरोबर लगेच वाढत नाही. काही आठवडे मागे राहून वाढतो, आणि दसरा-दिवाळीच्या हंगामात, जेव्हा आपण गर्दीची अपेक्षा धरून बसलेले असता, तेव्हा सम्प, म्हणजे खाणीच्या तळाचा पाणी साठण्याचा खड्डा, भरलेला असतो. एक पंप नादुरुस्त झाला तर दुसरा तयार हवा आणि वीज गेली तर जनरेटर हवा, हे सांगायला नकोच.

आधी भरलेले पाणी काढून टाकणे हा याहून नाजूक विषय आहे. बारा वर्षे पाण्यात उभ्या असलेल्या भिंतींना त्या पाण्याचाच आधार झालेला असतो आणि खडकाच्या भेगांमध्येही पाण्याचा दाब साठलेला असतो. बाहेरची पातळी घाईने खाली आणली, तर भेगांतला दाब तसाच राहतो आणि भिंती आत ढासळतात. म्हणून उपसा टप्प्याटप्प्याने करायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबायचे, तपासणी करायची आणि मग पुढे जायचे. उपसलेले पाणी नाल्यात सोडण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागेल, आणि मँगनीज विरघळलेले पाणी प्रक्रियेशिवाय सोडता येईलच असे नाही. शेजारच्या खाणीत पाणी साठलेले असेल, तर तो वेगळाच धोका. जुन्या पाणथळ कामांपासून ६० मीटरच्या आत काम करताना पुढे छिद्रे पाडून चाचपणी करण्याचा जो दंडक भारतीय खाणींत आहे, तो रक्ताने लिहिलेला आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत अशाच साठलेल्या पाण्याने साडेतीनशेहून अधिक माणसे गिळली.

विदर्भातल्या मँगनीज खाणींबद्दल बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. आपल्या मनात भव्य भूमिगत दालने आहेत. पण नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्यातील खनिजाचे थर तीव्र उताराचे आणि तुलनेने अरुंद आहेत, आणि तिथे खनिज काढत वर जाताना मागची पोकळी पाण्यातून आणलेल्या वाळूने भरून टाकण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे ज्या स्टोपची, खनिज काढून झालेल्या पोकळ्यांची, आपण कल्पना करता, ते बहुधा वाळूने गच्च भरलेले असतील. राहतील त्या फक्त लेव्हल, म्हणजे दोन-अडीच मीटर रुंदीच्या आडव्या वाटा, काही चढउतार आणि शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर. हे वाईट नाही. वाळूने भरलेली खाण ही मोकळ्या खाणीपेक्षा अधिक स्थिर असते. पण मग आपल्या जाहिरातीतले चित्र आणि जमिनीखालचे वास्तव यांत अंतर पडेल, आणि ते अंतर वास्तुविशारदाने रंगवलेल्या चित्राने भरून निघत नाही. खाण बंद करताना तयार झालेले शेवटचे नकाशे हाती येईपर्यंत कोणत्याही वास्तुविशारदाला काम देऊ नका, असा माझा आग्रह आहे.

पोलंडच्या व्हिएलिच्का खाणीशी तुलना करताना हाच भेद ध्यानात घ्यावा. ती खाण ३२७ मीटर खोल आहे आणि तिच्यात दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग आहेत, पण नेहमीचा पर्यटक मार्ग त्यांतला केवळ साडेतीन किलोमीटरच्या आसपास आणि १३५ मीटरपर्यंतच जातो. प्रसिद्ध किंगा प्रार्थनागृह १०१ मीटर खोलीवर आहे. मीठ हा कोरडा, कोरायला मऊ आणि मोठे घुमट पेलू शकणारा पदार्थ. त्यात शतकानुशतके खाणकामगारांनी मूर्ती आणि झुंबरे घडवली. १९७८ मध्ये, जागतिक वारसास्थळांच्या पहिल्याच यादीत, ती समाविष्ट झाली. आणि तरीही १९८९ मध्ये तिला धोक्यातील वारशांच्या यादीत टाकावे लागले, कारण आत आलेल्या दमट हवेने मिठाच्या मूर्ती विरघळू लागल्या होत्या. आर्द्रता काढून टाकणारी यंत्रणा बसल्यावर १९९८ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. म्हणजे जगातली सर्वांत यशस्वी पर्यटन खाणसुद्धा हवेच्या प्रश्नावर अडखळली होती. शिवाय तिथे मिठाचे व्यापारी उत्पादन १९९६ पर्यंत चालू होते. पर्यटनाला प्रदीर्घ काळ चालत्या खाणीची व्यवस्था पाठीशी मिळाली. रुमानियातल्या तुर्दा इथल्या मिठाच्या खाणीत जत्रेतल्यासारखा पाळणा आणि नौकाविहार आहे, त्याची छायाचित्रे आपल्या प्रस्तावासोबत जोडलेली मी पाहिली. तो पाळणा मिठाच्या प्रचंड दालनात बसवलेला आहे. आपल्या लेव्हलमध्ये फार तर हातगाडी मावेल.

हवेचा प्रश्न मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण प्रस्तावांमध्ये त्याला सहसा एकच ओळ मिळते. आपल्याकडच्या कोळसा खाणींच्या नियमांत दर माणशी मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा, प्राणवायू १९ टक्क्यांपेक्षा कमी नाही आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. मँगनीज खाणीलाही मी हाच मापदंड लावीन. चाळीस पर्यटक आणि चार मार्गदर्शक म्हणजे मिनिटाला किमान २६४ घनमीटर ताजी हवा. पंख्याच्या दृष्टीने हा आकडा मोठा नाही. प्रश्न असतो ती हवा खरोखर त्या वाटेने जाते का हा. हवा सोपी वाट शोधते, आणि जुन्या खाणीत तिला सोप्या वाटा पुष्कळ असतात. म्हणून न वापरायच्या सर्व तोंडांवर पक्क्या भिंती बांधाव्या लागतात, आणि त्या भिंतींमागची हवा वातावरणाचा दाब उतरला की पर्यटक मार्गावर झिरपते. मोठ्या पावसापूर्वी हवेचा दाब पडतो तेव्हा जुनी कामे जणू उसासा टाकतात, हे प्रत्येक जुना ओव्हरमन, म्हणजे पाळीचा पर्यवेक्षक, जाणतो. कुजणारे लाकूड आणि ऑक्सिडीकरण होणारा खडक प्राणवायू खातात. उरलेली जड हवा उताराच्या टोकाशी, खड्ड्यांत साचते. तिला वास नसतो, रंग नसतो.

एका प्रकल्पाच्या तपासणीत मला हेच आढळले. प्रकल्पाचे आणि राज्याचे नाव मी घेत नाही. तिथे सर्व काही नेटके होते : रोषणाई, कठडे, पाच भाषांतले फलक. पण व्यवस्थापनाने बिल वाचवण्यासाठी संध्याकाळी सहा वाजता पंखा बंद करून सकाळी पर्यटक येण्याच्या अर्धा तास आधी तो सुरू करण्याची प्रथा पाडली होती. मी सकाळी लवकर गॅसमापक घेऊन गेलो, तेव्हा मार्गाच्या सर्वांत खालच्या टोकाला, जिथे लहान मुलांना उभे करून छायाचित्र काढत असत, तिथे गुडघ्याच्या उंचीवर मापकाने प्राणवायू सतरा टक्क्यांच्या खाली दाखवला. मोठ्या माणसाच्या छातीपाशी आकडा ठीक होता. अर्ध्या तासात ती हवा निघून जाईलही, पण ती निघून गेली की नाही हे कोणी मोजतच नव्हते. जो माणूस सर्वांआधी आत जातो त्याच्या हाती मापक आणि नोंदवही असलीच पाहिजे, आणि त्याची सही झाल्याशिवाय पहिले तिकीट फाडले जाता कामा नये.

उन्हाळ्यात आत थंडगार वाटेल, अशी जाहिरात करण्याचा मोह होईल. थोड्या खोलीवर खडकाचे तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते, म्हणजे नागपूरकडे सत्तावीस अंशांच्या घरात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांतून आत आलेल्या माणसाला ते सुखाचेच वाटेल; पण पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आतल्या थंड भिंतींवर घाम सोडते, पायवाटा निसरड्या होतात आणि लोखंड गंजते. दिवे सतत जळत ठेवले, तर त्यांच्याभोवती हिरवे शेवाळ धरते, म्हणून दिवे गरजेपुरते आणि माणसाच्या हालचालीने लागणारे ठेवावेत.

आता छत. तिकीट काढून आलेला माणूस आणि खाणकामगार यांच्यात मुख्य फरक हा की कामगाराला छताचा आवाज कळतो. आम्ही सळईने छत ठोकत जायचो. घट्ट खडक खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो, आणि बद्द वाजलेला तुकडा ताबडतोब पाडायचा, याला आम्ही ड्रेसिंग म्हणतो. पर्यटक मार्गावर हे काम दर आठवड्याला, आणि ज्या भागात पाण्याची चढउतार झाली असेल तिथे त्याहून वारंवार, अनुभवी माणसाने करायला हवे. जुने लाकडी आधार दिसायला सुंदर असतात. त्यांना दृश्य म्हणून ठेवा, आधार म्हणून मोजू नका. छतात बसवलेल्या जुन्या रूफ बोल्टवरही विसंबू नका, कारण गंज आतून चढतो आणि टोपी बाहेरून शाबूत दिसते. नवे बोल्ट, जाळी, आणि गरज तिथे पोलादी कमानी. यामुळे खाणीचे मूळ रूप झाकले जाते अशी वास्तुविशारदांची तक्रार असते. ती खरी आहे, आणि तरीही जाळी लावावीच लागते. वटवाघळांचे बिऱ्हाड असेल, तर त्यांची वाट मोकळी ठेवून त्या भागाला जाळीचे दार लावावे आणि मार्ग दुसरीकडून न्यावा. एकदा हुसकावलेली वसाहत परत येईल याची खात्री नसते.

वर-खाली जाण्याच्या साधनाबद्दल माझे मत ठाम आहे : शक्यतो शाफ्टने नव्हे, इनक्लाइनने, म्हणजे तिरप्या उतरत्या वाटेने, किंवा डोंगरातून आडव्या काढलेल्या बोगद्याने जा. केजमधून उतरण्याचा थरार निराळाच, हे मान्य. आमचे कामगार तिला डोली म्हणत, आणि पहिल्या पाळीच्या डोलीत उभे राहून खाली जाताना कानात दडे बसायचे ते मला अजून आठवतात. पण वाइंडर, म्हणजे डोली ओढणारे यंत्र, दोर, मार्गदर्शक रूळ आणि सुरक्षा हुक यांची रोजची तपासणी, ठराविक मुदतीने दोर बदलणे आणि परवानाधारक वाइंडिंग चालक हे सारे पर्यटनाच्या उत्पन्नावर पोसणे जड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलोराडोमधील मॉली कॅथलीन या सोन्याच्या पर्यटन खाणीत लिफ्टच्या दुर्घटनेत एका मार्गदर्शकाचा मृत्यू झाला आणि १२ माणसे सुमारे १,००० फुटांखाली तासन्‌तास अडकून पडली. तिथे गेली अनेक दशके पर्यटक येत होते. साधन कोणतेही असो, बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटा हव्यातच, आणि दुसरी वाट ही सत्तर वर्षांच्या आजींना मदतीने चढता येईल अशी हवी. नकाशावर दाखवलेली उभी लोखंडी शिडी त्यात मोजू नये.

कोळशाच्या खाणीचा पर्याय आपण जाता जाता विचारला आहे. बंद कोळसा खाण पर्यटनासाठी उघडण्याच्या मी विरोधात आहे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो, आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा उघडा राहिला की स्वतःहून तापून पेट घेतो, म्हणूनच काम संपलेले भाग भिंती घालून सीलबंद केलेले असतात. चालू खाणीचा एक भाग दाखवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने २०१६ मध्ये सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पंखा, पंप, वायुमापन आणि बचाव पथक ही सारी व्यवस्था उत्पादनासाठी आधीच चालू होती; पर्यटनाला तिचा खर्च उचलावा लागला नाही. आपल्या प्रवाशांना खरी खाण दाखवायची एवढाच हेतू असेल, तर अशा चालू खाणीशी करार करणे हे स्वतःची खाण घेण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. मुंबईहून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला असला, तरी केवळ खाण पाहायला मुंबईकर तिकडे जाणार नाही. रामटेक आणि पेंचच्या सहलीत अर्धा दिवस म्हणून ती बसवली, तरच चालेल.

परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगतो. खाणपट्टा कोणाच्या नावावर आहे, तो परत केला गेला का आणि पृष्ठभागाची जमीन वनखात्याची आहे की महसुलाची, हे आधी पाहा. अंतिम बंदीकरण आराखडा भारतीय खाण ब्युरोकडे मंजूर झालेला असतो, आणि त्याचे मुख्यालय नागपूरलाच आहे. शाफ्टची तोंडे कायमची बंद करावीत असे त्यात लिहिले असेल, तर आपला प्रस्ताव त्याच्याशी थेट भांडतो. सुरक्षेच्या बाबतीत धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाशी सुरुवातीपासून लेखी संपर्क ठेवा. उत्पादन थांबलेली जागा खाण म्हणून मोजायची की नाही यावर वकील वाद घालू शकतील; १९५२ च्या खाण कायद्याने आणि त्याच्या तरतुदी सामावून घेणाऱ्या २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेने घालून दिलेली शिस्त आपण स्वतःहून स्वीकारावी, वाद जिंकण्यात काही हशील नाही.

माणसांबद्दल मात्र थोडे अधिक बोलायला हवे, कारण लोकांना खाण आठवते ती माणसांमुळे. बिग पिटमध्ये मार्गदर्शक हे खाणकामगार असतात. पर्यटकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि कॅप लॅम्प, कमरेला बॅटरी आणि श्वसनरक्षक डबा, आणि खिशातला मोबाइल, काडेपेटी, बॅटरीचे घड्याळ वरच जमा. ही जमा करण्याची क्रिया म्हणजे नाटक नव्हे, तो कोळसा खाणीचा नियम आहे, आणि तो पाळावा लागतो म्हणूनच माणूस खाली जाण्याआधी गंभीर होतो. आपल्या खाणीच्या आसपासच्या गावांत निवृत्त सरदार (मुकादम), शॉट फायरर (सुरुंग उडवणारे), टिंबरमन (लाकडी आधार लावणारे) अजून राहत असतील. त्यांना शोधा, त्यांच्याकडून पाठ केलेली भाषणे वदवून घेऊ नका. हजेरीघर, लॅम्प रूम आणि पितळी टोकनाची पद्धत जशीच्या तशी चालवा : आत जाताना टोकन घ्यायचे, बाहेर येताना खिळ्यावर टांगायचे, आणि खिळा रिकामा दिसला की शोध सुरू. पर्यटकाला ते गमतीचे वाटते आणि आपल्याला आत किती माणसे आहेत हे दर क्षणी कळते. मार्गाच्या मध्यावर एकदा सर्वांना बसवून दिवे विझवा. खरा, पूर्ण काळोख शहरातल्या माणसाने कधीच पाहिलेला नसतो. अर्धा मिनिट पुरे. त्या काळोखात एखाद्या जुन्या टिंबरमनने पाण्याच्या थेंबाच्या आवाजावरून आपण कुठे बसलो आहोत हे सांगितले, तर ध्वनिप्रकाशाच्या खेळावर पैसे घालवण्याची गरज राहत नाही.

राहिला मुंबईचा प्रश्न. मुंबईच्या पायाखाली बेसाल्ट आहे. इथे दगडाच्या खुल्या खाणी पुष्कळ झाल्या, भूमिगत खनिज खाण नाही. तरीही जमिनीखालच्या जागेचे आकर्षण इथे किती आहे, हे मलबार हिलवरच्या राजभवनाने दाखवून दिले आहे. २०१६ मध्ये तिथे सापडलेल्या, सुमारे १५,००० चौरस फुटांच्या आणि १३ खोल्यांच्या ब्रिटिशकालीन बंकरचे संग्रहालय झाले, आणि २०२२ पासून तिथे क्रांतिकारकांचे दालन आहे. आणि खाणीची प्रतिकृती उभारणे ही कमी प्रतीची गोष्ट आहे असे मला मुळीच वाटत नाही. जर्मनीतल्या बोखुमच्या खाण संग्रहालयाखाली सुमारे वीस मीटर खोलीवर अडीच किलोमीटरचे मार्ग आहेत, आणि तिथून कधीच कोळसा काढला गेला नाही. ते दाखवण्यासाठीच खोदले आहेत. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयात कोळसा खाणीची पूर्णाकृती प्रतिकृती आहे आणि शाळांच्या सहली तिथे रांगेने येतात. मुंबईत एखाद्या मोकळ्या पडलेल्या दगडखाणीच्या कडेला, जमिनीच्या पातळीवरच, दीडशे मीटरचा मार्ग, खऱ्या खाणीतून आणलेले टब (खनिज वाहणारे डबे), ते ओढणारे हॉलेज दोर आणि ड्रिल मशीन यांच्यासह उभा करता येईल. तिथे इमारतीचे अग्निशमन नियम लागतील, पाण्याचा निचरा उताराने होईल आणि रात्री पंखा बंद केला तरी कोणाच्या जिवावर बेतणार नाही. शाळकरी मुलांसाठी मी हाच पर्याय निवडीन.

तरीही नागपूरची खाण आपल्या मनातून जात नसेल, तर करारावर सही करण्याआधी एक वर्ष थांबा. शाफ्टमधली पाण्याची पातळी मे महिन्याच्या अखेरीस मोजून घ्या आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मोजा. मेमधल्या पातळीच्या वर, खाणीच्या शेवटच्या नकाशात, इनक्लाइनने पोचता येणारी एखादी लेव्हल असेल आणि ती ऑक्टोबरमध्येही कोरडी असेल, तर तेवढीच आपली पर्यटन खाण. ती दोनशे मीटरची निघाली तरी मला तिथे यायला आवडेल. येताना सळई मी माझी घेऊन येईन.